आज्ञापत्रातील आरमार-प्रकरण आणि जयपूरची खंडणी

अर्थनीतीच्या अभिजात ग्रंथांचा जो क्रम विद्यापीठीय अभ्यासक्रमांतून रूढ झाला आहे, त्यात टॉमस मन या इंग्रज व्यापाऱ्याचा १६६४ मध्ये प्रसिद्ध झालेला परदेशी व्यापारावरील ग्रंथ, फ्रान्सच्या केने याने १७५८ मध्ये मांडलेली आर्थिक सारणी आणि ॲडम स्मिथ याचा राष्ट्रांच्या संपत्तीवरील १७७६चा ग्रंथ ही नावे ठरल्याप्रमाणे येतात. या क्रमात भारतातून स्थान मिळाले ते कौटिल्याला, आणि तेही १९०९ मध्ये श्यामशास्त्रींनी अर्थशास्त्राची संहिता छापून प्रसिद्ध केल्यानंतर. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र मात्र या चर्चेत जवळजवळ कोठेच आढळत नाही. मराठी वाङ्मयेतिहासात त्याला मान आहे. तेथे ते गद्यशैलीचा नमुना म्हणून येते. इतिहासाच्या अभ्यासात ते शिवकालीन राजनीतीचा साक्षीदार म्हणून येते. संपत्ती कशी निर्माण होते, ती कोणामुळे टिकते आणि कोणामुळे नष्ट होते, या प्रश्नांवरचा स्वतंत्र विचार म्हणून त्याचे वाचन फारच थोडे झाले आहे. तसे वाचन येथे करावयाचे असून त्यासाठी जो कस लावला आहे तो महाराष्ट्राबाहेरचा, जयपूरचा आहे.

आज्ञापत्राची रचना इ. स. १७१६च्या सुमाराची. कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नावाने ते निघाले. शिवछत्रपतींच्या कारकिर्दीपासून राज्यकारभार पाहिलेल्या आणि राजाराम महाराज जिंजीस असता महाराष्ट्राचा भार वाहिलेल्या एका वृद्ध मुत्सद्द्याचा अनुभव त्यात उतरला आहे. अमात्याचे काम जमाखर्चाचे, हे येथे विसरता कामा नये. युरोपातील कोणत्या ग्रंथाशी त्याची तुलना करावयाची, या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच मिळते. काही वेळा आज्ञापत्रातील विचारांना व्यापारवादी म्हटले जाते; परंतु ही तुलना फार दूर नेता येत नाही. टॉमस मन देशात किती द्रव्य आले आणि किती गेले याचा ताळा मांडतो. त्याच्या दृष्टीने व्यापार हा देशादेशांमधील हिशेब आहे. अमात्यांच्या ग्रंथात असा ताळा नाही. त्यांचे नाते अधिक जवळचे आहे ते जर्मन संस्थानांतील खजिन्याच्या अधिकाऱ्यांनी आपल्या राजांसाठी लिहिलेल्या ग्रंथांशी. सेकेनडोर्फचा १६५६चा ग्रंथ हे त्यांतले ठळक उदाहरण. राज्य ही एक मोठी मालमत्ता आहे, तिची निगा राखणे हे राजाचे काम, आणि निगा न राखता केलेली वसुली म्हणजे मालमत्तेचीच झीज, हा त्या ग्रंथांचा गाभा. आज्ञापत्राचा गाभाही हाच आहे.

निवडक उताऱ्यांच्या पुस्तकांतून आज्ञापत्रातील जो भाग वारंवार दिला जातो, तो साहुकारांविषयीचा. साहुकारामुळे राज्याला शोभा येते, जे जिन्नस आपल्याकडे नाहीत ते त्याच्यामुळे येतात, संकटसमयी त्याच्याकडून कर्ज मिळते. म्हणून त्याचा अपमान होऊ नये, पेठा वसवाव्यात, परमुलखातील साहुकारांनाही आणून जागा द्याव्यात, असा या प्रकरणाचा आशय आहे. त्याला लागूनच टोपीकरांचे प्रकरण येते. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार हे व्यापार करतात खरे, परंतु त्यांच्या मागे त्यांचे राजे आहेत आणि त्यांचा डोळा भूमीवर आहे, हे अमात्यांनी ओळखले होते. त्यांना व्यापारास मज्जाव करावा असे ते म्हणत नाहीत. जागा दिलीच तर समुद्रकिनारी देऊ नये, आत सखल ठिकाणी द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, अशी सावध व्यवस्था ते सुचवतात. या दोन प्रकरणांतील विचाराचे आजवर पुष्कळ कौतुक झाले आहे, आणि ते योग्यच आहे. वतने आणि इनामे यांवरील प्रकरणांतही अर्थविचार आहे. सेवेच्या मोबदल्यात जमीन तोडून देत गेल्यास पुढील राजाजवळ देण्यासारखे तर नाहीच, घेण्यासारखेही काही उरत नाही, हा त्याचा मथितार्थ. राजारामकाळात वतनांची जी खैरात करावी लागली, तिची कटू आठवण या कठोरपणामागे असावी.

परंतु आज्ञापत्रातील सर्वांत मोलाचा अर्थविचार या प्रकरणांत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो आहे आरमाराच्या प्रकरणात. ते नौकाबांधणीचे आणि सागरी युद्धाचे प्रकरण समजून आर्थिक दृष्टीने वाचणारे ते ओलांडून पुढे जातात, आणि त्यामुळे एक महत्त्वाचे सूत्र दुर्लक्षित राहिले आहे. अमात्य सांगतात की, आरमाराच्या खर्चासाठी मुलखातील नेमका वसूल लावून द्यावा. आरमाराने स्वतः मिळविलेल्या पैदास्तीवर त्याचा निर्वाह ठेवू नये. कारण उघड आहे. ज्याचे पोट पैदास्तीवर आहे, तो समोर येणाऱ्या प्रत्येक तारवाकडे उत्पन्न म्हणून पाहणार; त्यातून साहुकारास उपद्रव होणार, सावकारी बुडणार, बंदरे ओस पडणार, आणि ज्या जकातीसाठी एवढा खटाटोप केला ती जकातही जाणार. शस्त्रधारी चाकराचे वेतन कोठून येते यावर त्याची वर्तणूक अवलंबून असते. चाकर भला की बुरा, हा प्रश्न अमात्य येथे विचारतच नाहीत. ते व्यवस्थेकडे बोट दाखवतात. नीतीचा उपदेश आणि अर्थनीती यांच्यातील सीमारेषा नेमकी येथे आहे, आणि आज्ञापत्र ती ओलांडून अर्थनीतीच्या प्रांतात येते ते याच वाक्यांत.

याच प्रकरणात झाडांविषयीचा प्रसिद्ध मजकूर आहे. आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या कामाची आहेत, तरी त्यांना हात लावू देऊ नये. रयतेने ती मुलांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. पर्यावरणप्रेमींनी अलीकडे या मजकुराला आपलेसे केले आहे. त्यास हरकत नाही. तथापि मूळ संदर्भात तो काळाविषयीचा विचार आहे. जी संपत्ती उभी राहण्यास बरीच वर्षे लागली ती एका दिवसात घेतली तर घेणाऱ्याला लाकूड मिळते, पण पुढील पिढीचे उत्पन्न जाते, आणि ज्याचे झाड गेले तो पुन्हा झाड लावीत नाही. पैदास्तीचे सूत्र आणि झाडांचा मजकूर हे एकाच विचाराचे दोन भाग आहेत, आणि ते एकाच प्रकरणात यावेत हा योगायोग मानता येणार नाही.

आता जयपूर. येथे एक आक्षेप प्रथमच घ्यावयास हवा. आज्ञापत्र कोल्हापूरच्या गादीचे आहे; जयपूरवर स्वाऱ्या केल्या त्या साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने पेशव्यांच्या सरदारांनी. त्या सरदारांनी हा ग्रंथ पाहिला असेल असे मानण्यास आधार नाही. तेव्हा अमुक ग्रंथातील उपदेश अमुकांनी मोडला, असा आरोप येथे करावयाचा नाही. मुद्दा वेगळा आहे. मराठी राज्यकारभाराच्या अनुभवातूनच उपजलेले एक सूत्र आपल्याजवळ आहे. त्या राज्याच्या विस्ताराने उत्तरेत जे घडवले ते त्या सूत्राने किती उलगडते, हे पाहावयाचे आहे. सिद्धान्ताची परीक्षा तो ज्या प्रदेशासाठी मांडला त्याच्या बाहेरच चांगली होते.

जयपूरची निवड करण्यास आणखी एक कारण आहे. १८ नोव्हेंबर १७२७ रोजी सवाई जयसिंगांनी या नगराचा पाया घातला, तो आज्ञापत्रानंतर अवघ्या दहा-अकरा वर्षांनी. रुंद सरळ रस्ते, आखीव चौकड्या, रस्त्यांच्या कडेने एकसारख्या दुकानांच्या ओळी, आणि त्यांत वसण्यासाठी दूरदूरच्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना दिलेले आमंत्रण, ही त्या नगराची वैशिष्ट्ये. साहुकारासाठी पेठ वसवावी, परमुलखातून त्याला बोलावून आणावे, हा अमात्यांचा उपदेश एवढ्या मोठ्या प्रमाणावर अमलात आलेला अठराव्या शतकातील नगर म्हणजे जयपूर. जयसिंगांना आज्ञापत्र ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. त्या शतकातील दोन जाणत्या माणसांना एकच गोष्ट सुचली, एकाने ती लिहिली आणि दुसऱ्याने ती दगडचुन्यात उभी केली, एवढेच.

जयसिंग आणि मराठे यांचे संबंध जयसिंगांच्या हयातीत मुत्सद्देगिरीचे राहिले. माळव्याची सुभेदारी त्यांच्याकडे असताना मराठ्यांशी समझोता करावा, असाच त्यांचा कल होता. १७३६ मध्ये ते बाजीराव पेशव्यांना भेटलेही. २१ सप्टेंबर १७४३ रोजी ते वारले आणि ईश्वरीसिंग व माधोसिंग या दोघा पुत्रांत गादीचा कलह लागला. माधोसिंगांची माता मेवाडची. तिच्या पुत्राला गादी मिळावी असा १७०८चा जुना करार मेवाडच्या बाजूने पुढे करण्यात आला. मराठी सरदारांपुढे येथे दोन पक्ष उभे राहिले. शिंद्यांच्या गोटाचा ओढा ईश्वरीसिंगांकडे, तर मल्हारराव होळकर माधोसिंगांच्या बाजूने. मार्च १७४७ मध्ये राजमहलच्या लढाईत ईश्वरीसिंगांनी विजय मिळविला आणि त्याचे स्मारक म्हणून त्रिपोलियाजवळ सात मजली उंच मनोरा उभारला; तो आजही सरगासूली अथवा ईसरलाट या नावाने उभा आहे. पुढच्याच वर्षी पेशवे नानासाहेब स्वतः त्या प्रांतात गेले आणि ऑगस्ट १७४८ मध्ये बगरूच्या लढाईत होळकरांच्या बळावर माधोसिंगांचे पारडे जड झाले. ईश्वरीसिंगांनी खंडणी कबूल केली. ती फिटली नाही. डिसेंबर १७५० मध्ये होळकरांची फौज जयपुराजवळ आली असता त्यांनी आत्मघात करून घेतला.

माधोसिंग गादीवर आले ते मराठ्यांच्या हातून, म्हणून मागणी आणखी वाढली. मुलखातच वाटा मागण्यापर्यंत गोष्ट गेली. नंतर जे घडले ते मराठी इतिहासग्रंथांत थोडक्यात आटोपले जाते. १० जानेवारी १७५१ रोजी नवे शहर पाहण्यासाठी व खरेदीसाठी तटाच्या आत आलेल्या मराठ्यांवर जयपूरच्या लोकांनी हत्यार उचलले. दरवाजे बंद झाले. मृतांची संख्या हजारांच्या घरात गेली. सैनिकांनी सैनिकांशी केलेली ही लढाई नव्हती. पेठेत शिरलेल्या गिऱ्हाइकांवर पेठेच्या शहराने केलेला तो हल्ला होता. अमात्यांनी ज्या वर्गाला राज्याची शोभा म्हटले, त्या वर्गासाठी वसविलेल्या नगराच्या मनात मराठी माणसाविषयी अवघ्या सात वर्षांत काय साठले होते, याचा हा पुरावा आहे. कोणाच्या क्रौर्याचे मोजमाप करण्यासाठी त्याचा उपयोग नाही. अर्थव्यवहाराचा पुरावा म्हणून मात्र तो फार बोलका आहे.

हा द्वेष केवळ खंडणीच्या आकड्यातून आला असे म्हणणे अपुरे होईल. जयपूरने यापूर्वी मोगलांची चाकरी केली होती, त्यांच्या मोहिमांचा भारही वाहिला होता. परंतु त्या चाकरीच्या मोबदल्यात मनसब मिळे, जहागीर मिळे, सुभेदारी मिळे. मराठी खंडणीच्या मोबदल्यात काय मिळत असे? एका सरदाराला पैसे दिले तर दुसरा येणार नाही, याचीही शाश्वती नव्हती. कारण गादीचे दोन्ही दावेदार पैसे देण्यास तयार होते आणि दोन्हींकडे मराठी मध्यस्थ होते. नानासाहेबांच्या दरबाराला कर्ज होते, सरदारांना कर्ज होते, फौजेचा पगार थकलेला होता. ही अडचण खोटी नव्हती. पण अडचणीचे स्वरूप नेमके आज्ञापत्रातील आरमारासारखे आहे. मुलखातील नेमका वसूल ज्या फौजेच्या वाट्याला पुरेसा लावून दिलेला नाही, जिचा निर्वाह पैदास्तीवर आहे, अशी फौज जयपुरासमोर उभी होती. तिच्या दृष्टीने ईश्वरीसिंग काय किंवा माधोसिंग काय, दोघेही समुद्रावर दिसलेली तारवेच होती.

ॲडम स्मिथने आपल्या ग्रंथात बंगालमधील ईस्ट इंडिया कंपनीवर जी टीका केली आहे, ती या ठिकाणी आठवते. देशाचे उत्पन्न वाढावे यात राजाचे हित असते. कंपनीचे चाकर मात्र लवकरात लवकर पैसा घेऊन देश सोडू पाहतात, आणि ते गेल्यावर त्या देशाचे काय होईल याच्याशी त्यांना कर्तव्य नसते, असे त्याचे म्हणणे. व्यापाऱ्याच्या हाती राज्य गेले की काय होते, हे स्मिथने १७७६ मध्ये लिहिले. टोपीकर निव्वळ व्यापारी नाहीत, हे अमात्य त्याच्या साठ वर्षे आधी लिहीत होते. जयपुरात घडले ते मात्र या दोहोंहून वेगळे. तेथे आलेला मराठी सरदार व्यापारी नव्हता, आणि राजाही नव्हता. तो राजाच्या अधिकाराने पैसे घेत होता आणि राजाची जबाबदारी घेत नव्हता. स्मिथचे निदान त्याला लागू पडते, पण शब्द अमात्यांचे अधिक नेमके आहेत: पैदास्तीवर राहणारी फौज.

पुढील इतिहासाने हे सूत्र उलट बाजूनेही सिद्ध केले. जुलै १७८७ मध्ये महादजी शिंदे थकलेल्या खंडणीसाठी जयपूर राज्यात शिरले आणि लालसोटजवळ तुंग्याची लढाई झाली. लढाईचा निकाल रणांगणावर स्पष्ट लागला नाही. महादजींना मागे फिरावे लागले ते मुख्यतः त्यांच्या हिंदुस्थानी पलटणी पगार थकल्यामुळे शत्रूला जाऊन मिळाल्या म्हणून. खंडणी आली तर पगार, आणि पगार मिळाला तर खंडणी वसूल करणारी फौज, अशी ही साखळी. तिचा एक दुवा निखळला की सगळेच निखळते. पाटणच्या लढाईत, जून १७९० मध्ये, द बॉयनच्या कवायती पलटणींनी ही नामुष्की भरून काढली. ज्यांनी हा विजय मिळविला त्या पलटणींच्या खर्चासाठी महादजींना दुआबातील मुलूख नेमून द्यावा लागला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अमात्यांनी आरमारासाठी सांगितलेला उपाय शेवटी पायदळासाठी योजावा लागला.

एवढ्यावरून जयपूर केवळ मराठ्यांमुळे कंगाल झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सवाई प्रतापसिंगांच्या कारकिर्दीत, खंडणीचा तगादा चालू असतानाच, १७९९ मध्ये हवामहल बांधून झाला. आणि पुढच्याच वर्षी मालपुऱ्यास जयपूरच्या फौजेचा पराभव झाला. महाल बांधण्यास पैसा होता आणि खंडणीस नव्हता, हे कोडे फक्त लूट आणि दारिद्र्य या दोन शब्दांत सुटत नाही. अठराव्या शतकातील राजस्थानातील राज्य, जमीनदार व शेतकरी यांच्यावरील दिलबाग सिंग यांचा १९९०चा अभ्यास या बाबतीत अधिक उपयोगी आहे. इजाऱ्याने वसुली देण्याची पद्धत आणि ग्रामीण व्यवहारातील सावकाराचे स्थान हे विषय तेथे जयपूर राज्याच्या कागदपत्रांतून आले आहेत. खंडणीचा भार राजाकडून इजारदाराकडे, इजारदाराकडून गावाकडे, आणि गावाकडून पुन्हा सावकाराच्या वहीत, अशा वाटेने तो सरकत गेला असावा. अमात्यांच्या ग्रंथातील साहुकार राज्याला कर्ज देतो. तो रयतेलाही कर्ज देतो आणि राज्याच्या अडचणीतून त्याचे स्वतःचे बळ वाढते, ही बाजू आज्ञापत्रात आलेली नाही. ही त्या ग्रंथाची मर्यादाच म्हटली पाहिजे. साहुकाराकडे अमात्य नेहमी दरबारातून पाहतात, शेताच्या बांधावरून कधीच पाहत नाहीत. ते पाहणे मराठीत यावयास १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला जाईपर्यंत वाट पाहावी लागली.

मराठ्यांच्या राजस्थानातील कारभारावर यदुनाथ सरकारांनी कठोर टीका केली. तिला मराठी अभ्यासकांनी दिलेले उत्तर अनेकदा बचावाचे झाले. पैशाची नड होती, राजपूत राजे आपसांत भांडत होते, मध्यस्थीसाठी त्यांनीच बोलावले, ही त्या बचावाची कलमे. ती चुकीची नाहीत. परंतु बचाव आणि आरोप या दोहोंत एक गोष्ट समान आहे: दोन्ही बाजू स्वभावाविषयी बोलतात, कोणी लोभाविषयी, कोणी निरुपायाविषयी. आज्ञापत्राचे आरमार-प्रकरण समोर ठेवले की स्वभावाची चर्चा मागे पडते आणि फौजेच्या जमाखर्चाची सुरू होते. मराठी सत्तेची चिकित्सा करण्यास बाहेरचा मापदंड आणावा लागतो, या समजुतीलाही त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही.

मराठीत अर्थशास्त्र आले ते १८४९च्या लोकहितवादींच्या 'लक्ष्मीज्ञाना'तून आणि १८५५च्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अर्थशास्त्रपरिभाषे'तून, म्हणजे इंग्रजी ग्रंथांच्या आधाराने. तेव्हा आज्ञापत्र छापलेले नव्हते. त्यामुळे पैदास्त, नेमणूक, तनखा हे शब्द दप्तरातच राहिले आणि नवी परिभाषा संस्कृतावरून घडली. पुढे १९२९ मध्ये आज्ञापत्र इंग्रजीत नेले ते श्री. व्यं. पुणतांबेकरांनी. हातसूत आणि हातमाग यांवरील १९२६च्या निबंधाचे ते सहलेखक होते. अर्थविचार आणि आज्ञापत्र या दोहोंचा अभ्यास एकाच व्यक्तीच्या हातून झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण. तरीही अनुवादाच्या शीर्षकात जोर राहिला तो राज्यनीतीवरच.

एप्रिल १८१८ मध्ये जयपूरचा ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला. मराठ्यांना जाणारी खंडणी आता टोपीकरांना जाणार होती. तहातील कलमे वाचण्यासारखी आहेत. मुलूख उजाड झाल्यामुळे पहिल्या वर्षी काहीच घ्यावयाचे नाही. दुसऱ्या वर्षी चार लाख, मग दरवर्षी एकेक लाख वाढवून सहाव्या वर्षी आठ लाख. राज्याचे उत्पन्न चाळीस लाखांच्या वर गेले तर वरच्या रकमेतील सोळा हिश्शांपैकी पाच हिस्से आणखी. ज्यांना पक्की इमारतही बांधू देऊ नये असे अमात्यांनी बजावले होते, त्यांनी जीर्ण झाडाला काही काळ हात न लावण्याचा हिशेब करून घेतला होता. आठ लाखांचा हा आकडाही नंतर पेलला नाही, आणि पुढे कंपनीला तो कमी करावा लागला.